वरची चार बोटं

३ एप्रिल, सकाळी ६.१०
रिटायर होऊन तिसरा दिवस. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलं, आता स्वतःकडे वेळ आहे. घराच्या मागे अठरा बाय बारा फूट जागा सहा वर्षं नुसती पडून आहे. तिथे बाग करणार. लोक आधी रोपं आणतात, मग रडतात. मी आधी माती समजून घेणार. माती ओके तर पुढचं सगळं ओके.

रोज पहाटे साडेपाचला उठायचं आणि जे करू ते इथे लिहायचं. खरं लिहायचं. ही वही कोणी वाचणार नाही.

(आज सहाला उठलो. पहिला दिवस म्हणून सूट.)

५ एप्रिल
मातीची बरणी-टेस्ट केली. बरणीत माती, पाणी आणि चिमूटभर कपड्यांची पावडर घालून हलवायचं आणि रात्रभर ठेवायचं. खाली वाळू बसते, मग गाळ, मग चिकणमाती, आणि वर तरंगतो तो कुजलेल्या पाल्याचा जिवंत भाग. आमच्या बरणीत तळाला फरशीचे तुकडे बसले, मधे मुरूम, आणि वर गुटख्याची पुडी तरंगली. जिवंत भाग शून्य. बिल्डरने बांधकामाचा राडारोडा टाकून वर बोटभर लाल माती फासलेली दिसते. बॅच रिजेक्ट.

माझ्या बायकोचा, नूतनचा, प्रश्न एवढाच की लिंबाच्या लोणच्याची बरणीच का घेतली. शास्त्रीय कामाची घरात कदर नाही.

६ एप्रिल
फाटकावर तुळशीबाई भाजी घेऊन बसली होती. साठी उलटलेली, आगरी, बोलायला मोकळी. आमची ही सगळी रो-हाऊसं तिच्या सासऱ्यांच्या शेतावर उभी आहेत. आता तिच्याकडे ओढ्यापलीकडचं सात-आठ गुंठ्यांचं भाताचं खाचर उरलंय, आणि ते ती एकटी कसते. मुलगा भूपेश जेसीबी चालवतो, त्याला शेतीत रस नाही. आईला त्याने सांगून टाकलंय की यंदाचं भात नीट आलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी जमीन काढून टाकायची. तुळशीबाई हे हसत हसत सांगत होती, पण पाव किलो भेंडी दोनदा तोलली.

तिला म्हटलं, मातीबद्दल काही अडलं तर विचार. ती बरं म्हणाली.

११ एप्रिल
उल्हासनगर कॅम्प एकला जाऊन बागेच्या मातीची बारा पोती आणली. दुकानदार सिंधी, प्रेमळ माणूस. साईं, घर का आंगन समझो, म्हणत चहा पाजला. पोत्यावर इंग्रजीत 'प्रीमियम टॉप सॉईल' छापलंय. मी हात घालून वास घेतला. एकतीस वर्षांचं नाक आहे. पास केली.

१२ एप्रिल
पोती ओतली. पुदिना, कोथिंबीर, दोन गुलाब. संध्याकाळी पाणी घातलं.

१५ एप्रिल
माती वाळून विटेसारखी झाली आहे. खुरप्याचं टोक वाकलं. हा मातीचा दोष नाही, उन्हाचा आहे.

१७ एप्रिल
नूतन दहा दिवस डोंबिवलीला बहिणीकडे. मातीवर भरपूर वाचन करायचा संकल्प.

१८ एप्रिल, संध्याकाळी
हद्द झाली. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे चाळीस बाय वीस फुटांचा एक पडीक पट्टा आहे. तिथे कोणीतरी शेण, पालापाचोळा, झाडाच्या फांद्या असा सगळा कचरा नीट पसरून पेटवून दिला. घरभर धूर. या लोकांना पर्यावरण कशाशी खातात माहीत नाही. नगरपालिकेच्या तक्रार नंबरवर फोन केला. तिथल्या माणसाने नाव-पत्ता लिहून घेतला, दोन वेळा आडनाव विचारलं, आणि बघतो म्हणाला.

२२ एप्रिल
बघायला कोणी आलं नाही. तो पट्टा स्वतः पाहून आलो. वरची चार बोटं पूर्ण काळी, राखेने भरलेली, भुसभुशीत. पाय रुततो. खालची माती चांगली घट्ट आहे. निष्कर्ष: वरचा थर प्रदूषित. उपाय: काढून टाकणे. इतकं सोपं आहे, पण करणार कोण? मी.

२४ एप्रिल, रात्री ८
स्वच्छता मोहीम फत्ते. आज गावातले सगळे तुळशीबाईच्या भाचीच्या, करिष्माच्या, हळदीला गेले होते, त्यामुळे अडथळा नव्हता. आमचा माळी रघु आणि त्याचे तीन साथीदार लावले. मागच्या फाटकातून घमेल्यांनी सगळा काळा थर उचलला.

रघुने सकाळी कुरकुर केली. म्हणे ही आजीची जागा हाय, तिला विचारून घेऊ. मी सांगितलं की स्वच्छतेला परवानगी लागत नाही. अर्ध्या तासाने परत तेच. काम टाळायची ही पद्धत मी कारखान्यात पुष्कळ पाहिली आहे. फावडं हातात दिलं.

एवढी घाण टाकायची कुठे? इथे अनुभव कामी आला. सेक्रेटरी उन्मेषच्या गाडीखालच्या पार्किंगमध्ये खड्डा पडला होता. सगळी घाण त्यात भरली, रोलर फिरवला, वर पेव्हर ब्लॉक. एका दगडात दोन पक्षी. शेवटी त्या पट्ट्यावर पंचवीस किलो ब्लीचिंग पावडर मारली. आता जंतूचं नाव नाही.

अंग दुखतंय, पण समाधान आहे.

२५ एप्रिल
सोसायटीच्या ग्रुपवर उन्मेषने माझा फोटो टाकला. अकरा अंगठे, तीन नमस्कार. मला उद्यान समितीचा अध्यक्ष करावं असं त्याने सुचवलं. समितीत मी एकटाच आहे, पण सुरुवात अशीच होते.

२७ एप्रिल
नूतन परत आली. तिला मोहीम सांगणार होतो, पण तिने आल्या आल्या पुदिन्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. पुदिना मेलाय.

रविवार, ५ मे
क्लब हाऊसमध्ये माझं भाषण झालं. विषय: माती जिवंत असते. श्रोते नऊ, त्यात चार मुलं. मी सांगितलं की खरी माती म्हणजे वरची चार बोटं. झाडाचं खाणंपिणं, गांडुळं, जिवाणू, सगळं तिथेच. ती बोटभर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि घालवायला एक दिवस पुरतो. हे वाक्य बोलताना माझा आवाज भरून आला. टाळ्या.

नूतन शेवटच्या रांगेत होती. घरी येताना म्हणाली की चांगलं बोललात. बऱ्याच वर्षांनी.

९ मे
वही दोन दिवस उघडली नाही.

झालं असं की मंगळवारी सकाळी तुळशीबाई त्या पट्ट्यावर उभी होती. नुसती उभी. मग खाली बसून तिने हाताने माती उकरली. नूतनने भिंतीवरून विचारलं काय झालं, तर ती म्हणाली, "मना राब कुनी नेला गो?" नूतन आत येऊन मलाच समजावून सांगायला लागली. तिच्या मामाकडे मुरबाडला राब असायचा. चैत्रात शेण, पाला, टहाळ पसरून जमीन भाजायची. तण मरतं, राख मुरते. त्याच जागेत भाताचं बी टाकायचं, आणि महिन्याने रोपं उपटून खाचरात लावायची. जागा पिढ्यान्पिढ्या तीच, कारण दर वर्षी माती आणखी चांगली होत जाते. तुळशीबाईच्या सासऱ्यांच्या आजोबांपासून तीच जागा. राब गेला तर रोपं नाहीत, आणि रोपं नाहीत तर भात नाही. तिच्यावर तर यंदा सगळंच अवलंबून, असं म्हणून नूतनने मला विचारलं की तुम्हाला काही माहीत आहे का, तुम्ही तर घरीच होता.

मी नाही म्हणालो.

१० मे
शांतपणे विचार केला. मला सांगितलं कोणी? तिथे पाटी लावलेली नव्हती. शिवाय धूर झाला होता, हे तर खरंच. कायद्याने पाहिलं तर उघड्यावर जाळणं गुन्हा आहे.

आणि रघुने नीट सांगितलं नाही. आजीची जागा म्हणाला. राब म्हणाला नाही.

११ मे
रघुने आजीची जागा असंच म्हटलं होतं. दोनदा.

१३ मे
ती माती परत काढता येईल का ते पाहिलं. उन्मेषला सुचवलं की पार्किंगचे पेव्हर परत बसवावेत, लेव्हल थोडी चुकली आहे. तो म्हणाला की काका, अख्ख्या बदलापुरात असं पक्कं पार्किंग नाही, तुमच्यामुळे झालं. मग त्याने गाडी पुढेमागे करून दाखवली. जरा हलली नाही.

१५ मे, दुपारी
हे लिहायची इच्छा नाही, पण पहिल्या पानावर खरं लिहायचं असं लिहून बसलोय.

सकाळी तुळशीबाई दारात आली. पदरात मूठभर माती. लोक म्हणतात साहेबांना मातीतलं कळतं, म्हणून आली. "बगा कनी, साहेब, हिला काय जाला." चपला बाहेर काढून आत आली, आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर तिने ती माती ठेवली. नूतन शेजारीच उभी होती.

भिंग घ्यायचीही गरज नव्हती. पांढरे कण दिसत होते आणि वास येत होता. स्विमिंग टँकचा. एकतीस वर्षांचं नाक आहे.

मी चष्मा पुसला. माती चिमटीत धरली. म्हणालो की सॅम्पल अपुरं आहे, रिपोर्टला वेळ लागेल.

तिने माझ्याकडे बघत माती परत पदरात बांधली. मग बरं म्हणून चपला घालून गेली. नूतनने तिला चहा विचारला, पण ती थांबली नाही.

१६ मे
उद्या सांगून टाकणार. नक्की.

१७ मे
आज उकाडा फार होता.

२१ मे
सांगायच्या आधी नुकसान भरून काढलं तर सांगण्याला अर्थ येईल. नुसती माफी ही भावनिक गोष्ट आहे, मी टेक्निकल माणूस आहे. कंपोस्ट तयार करायला घेतलं. ओला कचरा, शेण, गूळ. चाळीस दिवस लागतात. मी वीस दिवसांत करणार.

२६ मे
रघु कामावर येत नाही. निरोप पाठवला, तर त्याने उलटा निरोप पाठवला की आजीला सांगितलं का. उत्तर दिलं नाही. बागेला मीच पाणी घालतो. एक गुलाब उरलाय.

१२ जून
तुळशीबाईने त्याच पट्ट्यावर बी टाकलं. दुसरी जागा नाही, बाकी सगळीकडे पाणी साचतं. नूतन मदतीला गेली होती. मला चला म्हणाली. गुडघा दुखतो असं सांगितलं. मग दिवसभर लंगडावं लागलं.

२२ जून
पाऊस लागून दोन आठवडे झाले. पट्ट्यावर चार-पाच ठिकाणी चट्टे उगवलेत, तेही पिवळे. एव्हाना हिरवंगार गालिचासारखं दिसायला हवं होतं, असं नूतन म्हणते. ती रोज भिंतीवरून बघते. मीही बघतो, ती आत गेली की.

उलट उन्मेषची ग्रुपवर तक्रार आहे. पेव्हरच्या फटींतून गुडघाभर गवत उगवलंय, आणि कापलं की दोन दिवसांत परत येतं. त्याने फोटो टाकलाय. अख्ख्या सोसायटीत हिरवंगार फक्त त्याच्या गाडीखाली आहे. मला विचारलंय, काका, खाली नक्की काय भरलं होतं?

अध्यक्ष या नात्याने तणनाशक सुचवलं.

२४ जून, पहाटे ५.३०
आज खरोखर साडेपाचला उठलो, एप्रिलपासून पहिल्यांदा. कंपोस्टच्या आठ बादल्या भिंतीवरून पलीकडे नेऊन त्या पिवळ्या चट्ट्यांवर पसरल्या. कोणी पाहिलं नाही. कंपोस्ट आतून गरम लागत होतं, म्हणजे जोमदार आहे. आता आठ दिवसांत फरक दिसेल. मग आधी फरक दाखवायचा आणि नंतर हळूच सगळं सांगायचं. आज बरं वाटलं. दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

२८ जून
फरक दिसला. चार दिवसांतच. अर्धवट कुजलेलं खत रोपांना जाळतं, हे माझ्याच पुस्तकात पान सत्तेचाळीसवर लिहिलंय. मी चाळीस पानांपर्यंत आलो होतो.

जे चट्टे होते तेही गेले.

३ जुलै
भूपेश आला होता. जेसीबी ओढ्यापाशी उभा करून पट्टा बघितला, मग खाचर बघितलं. आईला ओरडला नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला. ती मान हलवत होती. मी गॅलरीत वर्तमानपत्र धरून उभा होतो. वर्तमानपत्र कालचं होतं.

नूतनने सांगितलं ते असं. वांगणीकडच्या नातेवाइकांकडे लावणी होऊन थोडी रोपं उरली आहेत. ती आणली तर अर्धं खाचर होईल. उरलेलं अर्धं पडीक. आणि भूपेश म्हणाला की अर्ध्या शेताचा हिशोब जमत नाही, आई, आता पुरे.

रात्री जेवताना नूतनने विचारलं, ती माती तपासून ठेवली होती ना, काय निघालं? म्हटलं, अजून चालू आहे. ती माझं ताट उचलून घेऊन गेली. मी जेवत होतो.

६ जुलै
लाज वाटते. दुसरा शब्द शोधत होतो. गैरसमज, तांत्रिक चूक, संवादाचा अभाव, असे पाच-सहा शब्द लिहून खोडले. लाजच वाटते.

उद्या जाणार. बोलायचे मुद्दे कागदावर काढलेत. पहिला, घटनेची पार्श्वभूमी. दुसरा, माझा हेतू. तिसरा, पुढची उपाययोजना.

७ जुलै
गेलो. ती फाटकावर भाजी घेऊन बसली होती. कागद खिशात होता. पार्श्वभूमीपर्यंत आलो आणि दोन किलो शिराळी घेतली.

घरात शिराळी कोणी खात नाही.

८ जुलै
नूतनला सांगितलं. सगळं. हळद, फावडं, पार्किंग, पावडर, कंपोस्ट. ती शिराळी सोलत होती, सोलतच राहिली. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली की भाषणाच्या दिवशी मला किती अभिमान वाटला होता. नंतर म्हणाली, मला काय सांगता, मी काय भात लावते?

१२ जुलै, दुपारी २
सकाळी ओढ्यापलीकडे गेलो. कागद घरी ठेवला. खाचरात तुळशीबाई, तिच्या दोन जावा आणि रघु वाकून लावणी करत होते. वांगणीची रोपं आलेली. रघुने मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. अर्ध्या खाचरात हिरव्या रेघा, उरलेल्या अर्ध्यात नुसतं पाणी. त्या पाण्याच्या कडेने भूपेशने विक्रीच्या आखणीचे खुंट ठोकलेत. चार दिसले, पुढचे मोजले नाहीत.

बांधावर उभं राहून मी बोललो. मुद्दे नव्हते, तसंच बोललो. राब मी काढला. विचारलं नाही. रघुने दोनदा सांगितलं, ऐकलं नाही. पावडर मीच मारली. तुम्ही माती घेऊन आलात तेव्हाच मला कळलं होतं आणि मी खोटं बोललो. नंतर खत टाकून उरलेलंही मीच जाळलं. शेवटचं वाक्य पुटपुटलो, म्हणून ते परत म्हणावं लागलं.

त्या बाया थांबल्या होत्या. तुळशीबाई चिखलात उभी, हात कोपरापर्यंत भरलेले. म्हणाली, तिला माहीत आहे. हळदीहून परत आली त्याच दिवशी रघुने सांगितलं होतं.

म्हणजे माती घेऊन आमच्या घरी आली, त्याच्या तीन आठवडे आधी. मग ती का आली होती हे विचारायची हिंमत झाली नाही. भिंतीपाशी नूतनला राब कुणी नेला विचारलं, तेही माहीत असूनच. तिला माती तपासून घ्यायची नव्हती. भूपेशला काही सांगितलं का, असं विचारलं, तर नाही म्हणाली. सांगितलं असतं तर जेसीबी घेऊन तो पार्किंगवर आला असता.

मी म्हटलं, मला काहीतरी बोला. शिव्या द्या. मी इथेच उभा आहे.

ती माझ्या पायांकडे बघत होती. मला वाटलं शब्द शोधते आहे. म्हणाली, "साहेब, आधी पाय उचला. रोपांवर उबं हाव तुमी."

खाली पाहिलं. बांधावर लावणीसाठी ठेवलेल्या जुड्या होत्या. मी बोललो तेवढा सगळा वेळ दोन जुड्यांवर उभा होतो.

पाय उचलला. तो तिसऱ्या जुडीवर पडला. रघुने येऊन माझा दंड धरला आणि मला बाजूला नेऊन उभं केलं, जिथे काही नव्हतं. तुळशीबाईने त्या जुड्या पाण्यात धुतल्या, मोडलेल्या काड्या वेगळ्या केल्या, आणि उरलेल्या परत लावायला घेतल्या. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. थोडा वेळ थांबून घरी आलो.

१२ जुलै, रात्री
नूतनने विचारलं, काय म्हणाली?

पाय उचला म्हणाली.